आरोग्यसेवेतील समावेशक व समन्यायी व्यवहाराचे प्रशिक्षण

रुग्णाची भाषा, वंश, जात, लिंगभाव, वय, अपंगत्व किंवा आर्थिक स्थिती यांमुळे त्याच्या उपचारांत उणीव राहू नये, यासाठी आरोग्यसेवकांना नोकरीत असताना दिले जाणारे शिक्षण. डॉक्टर आणि परिचारिकांइतकेच ते नोंदणीच्या खिडकीवर बसणाऱ्यांसाठीही असते, कारण रुग्णाशी पहिली गाठ त्यांचीच पडते. सर्वांना सारखे वागवले म्हणजे समन्याय झाला असे नव्हे. ऐकू न येणाऱ्या रुग्णाला इतरांसारखीच नावाने हाक मारली, तर त्याचा नंबर निघून जातो.

सुरुवातीच्या अभ्यासक्रमांत निरनिराळ्या समाजांच्या चालीरीती शिकवण्यावर भर असे. त्यातून समोरच्या माणसापेक्षा त्याच्या समाजाबद्दलचे ठोकताळेच पक्के होतात, हा आक्षेप रास्त आहे. न्यूझीलंडमधील माओरी या मूळनिवासी समाजातील परिचारिका इरिहापेती रॅम्सडेन यांनी ‘सांस्कृतिक सुरक्षितते’चा विचार मांडला आणि १९९२ मध्ये तेथील परिचर्या परिषदेने तो परिचारिकांच्या शिक्षणात अनिवार्य केला. सेवा सुरक्षित होती की नाही हे सेवा घेणाऱ्याने ठरवायचे, हा त्याचा गाभा. १९९८ मध्ये अमेरिकेत मेलनी टर्व्हलॉन आणि जॅन मरे-गार्सिया यांनी ‘सांस्कृतिक विनम्रता’ मांडली. दुसऱ्याची संस्कृती पूर्ण आत्मसात केल्याचा दावा न करता स्वतःचे पूर्वग्रह आणि हाती असलेली सत्ता सतत तपासत राहणे, असा तिचा आग्रह आहे.

अशा प्रशिक्षणाची गरज दाखवणारे पुरावे ठळक आहेत. अमेरिकेतील २०१६ च्या एका अभ्यासात सुमारे निम्म्या श्वेतवर्णीय वैद्यकीय विद्यार्थ्यांना व निवासी डॉक्टरांना वंशांच्या शरीरभेदाविषयीची किमान एक चुकीची समजूत खरी वाटत होती. कृष्णवर्णीयांची त्वचा जाड असते, ही त्यांपैकी एक. अशा समजुती बाळगणाऱ्यांनी कृष्णवर्णीय रुग्णाच्या वेदना कमी लेखल्या. अपंग किंवा मनोरुग्ण व्यक्तीची प्रत्येक तक्रार तिच्या मूळ निदानाच्या खाती टाकली जाणे हाही असाच धोका. पोटदुखी ‘वागणुकीचा भाग’ ठरते आणि अपेंडिक्स तपासायचे राहून जाते. ऑलिव्हर मॅकगोवन या १८ वर्षांच्या स्वमग्न (ऑटिस्टिक) ब्रिटिश तरुणाचा २०१६ मध्ये मृत्यू झाला. त्याच्या आणि आईवडिलांच्या इच्छेविरुद्ध त्याला मनोविकारावरचे औषध दिले गेले होते. २०२२ च्या कायद्याने इंग्लंडमधील नोंदणीकृत सेवासंस्थांना स्वमग्नता व बौद्धिक अपंगत्वाविषयीचे प्रशिक्षण देणे बंधनकारक झाले. ऑलिव्हरच्या नावाने तयार झालेल्या प्रशिक्षणात स्वमग्न आणि बौद्धिक अपंगत्व असलेल्या व्यक्ती स्वतः शिकवतात.

प्रत्यक्ष सरावात भाषेचा भाग सर्वांत उपयोगी पडतो. आईच्या रक्तस्रावाचे प्रश्न लहान मुलाकरवी विचारले, की मूल अवघडते, आई लपवते आणि निदान चुकते. म्हणून प्रशिक्षित दुभाष्याबरोबर काम करायला शिकवतात: नजर दुभाष्याकडे नव्हे, रुग्णाकडे ठेवायची, वाक्ये छोटी ठेवायची, मधूनमधून थांबायचे. ‘समजलं का?’ या प्रश्नाला बहुतेक जण मान डोलावतात. त्याऐवजी ‘मी नीट सांगितलं का ते मला पाहायचंय. घरी गेल्यावर ही गोळी कधी आणि कशी घ्याल, सांगा बरं,’ असे विचारले की गफलत तिथल्या तिथे उघड होते आणि कमीपणा रुग्णाच्या वाट्याला येत नाही.

परिणामांबाबत मात्र सावध राहायला हवे. प्रशिक्षणाने सेवकांचे ज्ञान आणि दृष्टिकोन सुधारल्याचे पुरावे चांगले आहेत. रुग्णांची प्रकृती सुधारल्याचे तुलनेने कमकुवत. एकाच बैठकीत सुप्त, म्हणजे नकळत मनात असलेले, पूर्वग्रह कमी झाले तरी तो परिणाम काही तासांत किंवा दिवसांत विरतो, असेही आढळले आहे. हजेरीपटावर सही घेऊन संपणारी वार्षिक कार्यशाळा त्यामुळे फारसे काही बदलत नाही. चाकाच्या खुर्चीसह वजन करता येईल असा काटाच नसेल, तर औषधाची मात्रा अंदाजानेच ठरते. तेथे सेवकाची सदिच्छा अपुरी पडते.

काही भेद उपकरणांत आणि सूत्रांतच मुरलेले असतात. गडद त्वचेवर पल्स ऑक्सिमीटर रक्तातील प्राणवायू प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवू शकतो. २०२० च्या एका अमेरिकी अभ्यासात प्राणवायूची लपलेली कमतरता श्वेतवर्णीयांच्या तुलनेत कृष्णवर्णीय रुग्णांत जवळपास तिप्पट वेळा निसटली होती. म्हणून आकडा आणि रुग्णाची अवस्था जुळत नसेल तर रक्ततपासणी करावी, हे शिकवावे लागते. मूत्रपिंडाची कार्यक्षमता मोजण्याच्या सूत्रातही कृष्णवर्णीयांसाठी वेगळा गुणक होता. त्याने त्यांची कार्यक्षमता जास्त दिसे आणि प्रत्यारोपणाच्या यादीतील त्यांची प्रतीक्षा उशिरा सुरू झालेली धरली जाई. २०२१ मध्ये वंशाचा निकष वगळलेले नवे सूत्र आले आणि २०२३ पासून अमेरिकेत अशा रुग्णांचा बुडालेला प्रतीक्षाकाळ भरून देण्यास सुरुवात झाली.