भरीत पार्टीतलं खाणं आणि रात्री लपून खाणं

हिवाळ्यात आपल्याकडे शेतात भरीत पार्टी असते, कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, सोबत कळण्याच्या पुऱ्या, आणि चार घास जास्तच जातात. हे आजारपण नाही, सगळ्यांसोबत हसत खाल्लेलं असतं ना.

बिंज इटिंग डिसऑर्डर वेगळाच. घर झोपलं की स्वयंपाकघरात जायचं, भूक नसते तरी बिबड्यांचा डबा, शेव, उरलेल्या बट्ट्या, हाताला लागेल ते भराभर खायचं, चवही कळत नाही, थांबायचंय पण हात थांबतच नाही, पार पोट दुखेपर्यंत. मग स्वतःचीच किळस येते आणि शेवेची रिकामी पाकिटं लपवली जातात. असं 3 महिने, आठवड्यातून निदान एकदा होत असेल तर डॉक्टर हे निदान करतात. बुलिमिया नावाच्या खाण्याच्या दुसऱ्या आजारात माणूस नंतर मुद्दाम उलटी वगैरे करतो, इथे तसं वारंवार होत नाही. आणि बारीक माणसालाही हे होऊ शकतं, वजनावरून ओळखू नका. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम-5 या मानसिक आजारांच्या पुस्तकात याला स्वतंत्र आजार म्हणून जागा मिळाली ती 2013 मध्ये, तोवर किती जणांना नुसतं हावरट म्हटलं गेलं असेल!

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते उपाशी राहण्याचं. रात्री खाल्लं म्हणून दुसऱ्या दिवशी नुसत्या चहावर राहायचं, संध्याकाळपर्यंत शरीर अन्न मागून मागून थकतं, त्यात घरातलं टेन्शन, आणि रात्री परत तेच. अमेरिकेत मिनेसोटाला 1944-45 मध्ये 36 धडधाकट तरुणांना 24 आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं, नंतर पोटभर मिळायला लागल्यावर त्यातले काही जण थांबताच येईना असं खात सुटले. ती तर चांगली निरोगी पोरं होती! अर्थात उपास हे एकच कारण नाही, नैराश्य, घराण्यातला कल, लहानपणी वजनावरून झालेली चेष्टा, सगळं त्यात येतं.

पुढे डायबेटीस, बीपी, कोलेस्टेरॉल मागे लागू शकतं, पण माणूस आधी खचतो तो लाजेने. म्हणून घरात कोणी असं करताना दिसलं तर डब्याला कुलूप नका लावू, रागावून बोलणं तर अजिबात नको.

उपचार आहेत, सीबीटी नावाची बोलण्याची थेरपी चांगली लागू पडते. त्यात डाएट नंतर, आधी वेळेवर जेवण, साधारण 3-4 तासांनी काहीतरी, आणि काय खाल्लं, तेव्हा मनात काय चाललं होतं ते वहीत लिहायचं. कोणाला विचारावं कळत नसेल तर मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर आहे, फुकट, मराठीतही बोलतात. आणि एकादशी, चतुर्थीचे उपास तेवढे सध्या नका करू, डॉक्टर हो म्हणतील तेव्हा बघू.