फुंक, रक्त आणि दोन तास: मद्यपी चालकांवरील कारवाईची पार्श्वभूमी

तोंडाला दारूचा वास, झोकांड्या, विस्फारलेल्या बाहुल्या, अडखळती जीभ. डॉक्टरांनी एवढे नोंदवले, पण रक्त-लघवी तपासलीच नाही. बचुभाई करयानी खटल्यात 1971 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, तेवढ्यावरून नशा सिद्ध होत नाही.

मग आरोपीच्याच शरीरातून पुरावा घ्यायचा, तर ती स्वतःविरुद्ध साक्ष ठरत नाही का? राज्यघटनेच्या कलम 20(3) चा हा पेच 1961 मध्येच काठी कालू ओघड खटल्यात अकरा न्यायमूर्तींपुढे आला होता. बोटांचे ठसे, हस्ताक्षराचे नमुने देणे म्हणजे साक्ष नव्हे, असा निकाल लागला.

1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 मध्ये 100 मि.ली. रक्तात 30 मि.ग्रॅ. अल्कोहोल ही मर्यादा आहे आणि हा कायदा सोबत चालकाला संरक्षणही देतो. कलम 203 नुसार श्वास तपासणाऱ्या यंत्रात फुंक मारायला लावण्यासाठी वाजवी संशय हवा. मुंबईत 2007 पासून नाकाबंदी नित्याची झाली. तिथे सरसकट प्रत्येकापुढे यंत्र धरले जाते तेव्हा ही अट बाजूला पडते, आणि ते योग्य नाही.

कलम 202 नुसार अटकेनंतर दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली नाही, तर चालकाला सोडावे लागते. ही मुदत केवळ चालकाच्या हितासाठी नाही. शरीर रक्तातले अल्कोहोल तासाला साधारण 15 मि.ग्रॅ.ने कमी करते. अपघाताच्या वेळी 50 असलेला आकडा दोन तासांत 20 वर, म्हणजे मर्यादेखाली येतो. उशीर झाला की पुरावाच विरून जातो.

यंत्र रक्त मोजत नाही. श्वासातले अल्कोहोल साधारण 2100 पटीने धरून ते रक्तातला अंदाज देते. नुकताच घोट घेतला असेल किंवा माउथवॉशने चूळ भरली असेल, तर आकडा फुगतो. म्हणून 15 मिनिटे थांबून, नवी नळी लावून पुन्हा फुंक घ्यावी.

2019 च्या दुरुस्तीने पहिल्या गुन्ह्याचा दंड 2,000 वरून 10,000 रुपयांवर नेला आणि प्रयोगशाळेची चाचणी कलम 185 मध्ये स्पष्टपणे आणली. पण रक्ताच्या कुपीत सोडियम फ्लोराइड हे जंतूंना रोखणारे रसायन नसेल, तर जंतूंमुळे आतच अल्कोहोल तयार होऊ शकते. सील किंवा नोंद चुकली तर नमुना कोणाचा, यावरच वाद होतो. वांद्र्यातल्या 2002 च्या अपघाताच्या खटल्यात डिसेंबर 2015 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आरोपीला निर्दोष सोडले, तेव्हा रक्ताच्या नमुन्याच्या हाताळणीवरही शंका घेतली होती.