ताशी किती लिटर? आधी हेड विचारा

विहिरीवर मोटर बसवायची म्हटली की शेतकरी दोन गोष्टी विचारतो: हेड किती (पाणी किती उंच चढेल) आणि डिस्चार्ज किती (किती पाणी पडेल). कम्प्युटरच्या वॉटर कूलिंगसाठी, म्हणजे पाणी फिरवून त्याचे भाग थंड ठेवण्यासाठी, पंप घेताना मात्र आपण एकाच आकड्यावर भुलतो, ताशी किती लिटर.

या क्षेत्रातला सर्वात रुळलेला पंप म्हणजे डी5. त्यावर ताशी 1500 लिटर लिहिलेलं असतं, पण ते पुढे काहीच अडथळा नसताना. त्याचा हेड साधारण 4 मीटर, पण त्या टोकाला प्रवाह शून्य! आपलं काम या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी चालतं. प्रोसेसरवरच्या तांब्याच्या ब्लॉकमध्ये केसागत बारीक चरे असतात, त्यांतून पाणी रेटायला दाब लागतो, आणि हेड म्हणजे तोच दाब. विहिरीच्या मोटरसारखं पाणी उंच चढवण्याचं काम मात्र इथे नाही. बंद नळ्यांत जेवढं पाणी वर चढतं, तेवढंच दुसरीकडून खाली येतं. एकदा लूप, म्हणजे पाणी फिरण्याचा हा बंद मार्ग, भरला की पंपाची झुंज फक्त घर्षणाशी असते.

मग प्रवाह किती पुरेसा? प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मिळून 500 वॉट उष्णता टाकतात असं धरू. मिनिटाला 4 लिटर पाणी फिरत असेल, तर सगळे ब्लॉक ओलांडताना ते जेमतेम 1.8 अंशांनी तापतं. प्रवाह दुप्पट केला तर 0.9 अंश. एवढ्यासाठी पंपाची घरघर का सोसायची? खोलीच 38 अंशांवर असेल, तर कितीही जोरकस पंप पाणी त्याखाली नेणार नाही. ते पैसे मोठ्या रेडिएटरवर, म्हणजे पाण्यातली उष्णता हवेत सोडणाऱ्या जाळीवर, घाला.

डीडीसी हा दुसरा पर्याय. आकाराने लहान, आणि त्याच्या 18 वॉटच्या प्रकाराचा हेड 5 मीटरच्या वर. जागा कमी आणि ब्लॉक जास्त असतील तर तो घ्यावा, पण त्याचा तळ चांगलाच तापतो, तिथे वारा लागला पाहिजे. एरवी मी डी5च सुचवेन, तोही निम्म्या वेगावर.

पंपाचं वरचं झाकण, म्हणजे टॉप, वेगळं मिळतं. डीडीसीच्या मूळ टॉपची तोंडं अरुंद असतात. रुंद तोंडांचा टॉप लावला की त्याच मोटरचा प्रवाह वाढतो. अ‍ॅक्रिलिकचा टॉप दिसतो छान, पण तो स्पिरिटने पुसू नका, बारीक तडे जातात. अ‍ॅसिटल या टणक प्लास्टिकचा काळा टॉप जास्त टिकाऊ.

डी5च्या आत नेहमीसारखा दांडा नाही. फिरता भाग एका सिरॅमिक गोळीवर तोललेला असतो आणि पाणी हेच त्याचं वंगण. म्हणून पंपाने हवा धरली की नुसता आवाज होत नाही, बेअरिंग झिजतं. टाकी पंपाच्या वरच हवी. पाणी भरताना बाकी भागांची वीज काढून फक्त पंप थोडा थोडा चालवायचा, टाकीतली पातळी उतरली की बंद.

राहिली वायर. डी5 पूर्ण जोरात 23 वॉट घेतो, म्हणजे 12 व्होल्टला जवळपास 1.9 अ‍ॅम्पिअर. मदरबोर्डवरची पंख्याची पिन बहुधा 1 अ‍ॅम्पिअरचीच असते. त्यामुळे वीज थेट पॉवर सप्लायमधून घ्या; वेग सांगणारी वायर मात्र प्रोसेसरच्या पंख्याच्या पिनवरच जोडा, म्हणजे पंप थांबला तर मदरबोर्डला लगेच कळेल.