पंखा बंद करा, अळिंबी लावायची आहे

पावसाळा लागला की पुण्यात दोन गोष्टी हमखास उगवतात: कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर बुरशी, आणि फोनवर ‘घरच्या घरी मशरूम, महिन्याला लाखोंची कमाई’ अशा जाहिराती. दुसरीत पहिलीचा उल्लेख कधीच नसतो. खरं तर पट्ट्यावरची बुरशी आणि बाटलीतली अळिंबी एकाच खाण्यावर टपलेल्या असतात, आणि बहुतेक वेळा पट्ट्यावरची जिंकते.

जाहिरात बघून हौसेने कामाला लागणारा माणूस काय करतो? ओटा फिनेलने पुसतो, हाताला सॅनिटायझर चोळतो, खिडक्या उघडतो, पंखा लावतो. हवा खेळती हवी, हे आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं असतं. कुणी कोपऱ्यात उदबत्तीही लावतं. मग चार-पाच दिवसांनी अळिंबीचं बियाणं करण्यासाठी शिजवलेल्या ज्वारीच्या बाटलीत एक पांढरट ठिपका दिसतो, दुसऱ्या दिवशी त्याचा मध्य हिरवा होतो. हा ट्रायकोडर्मा. शेतकरी हीच बुरशी रोपांच्या मुळांना रोग लागू नये म्हणून पैसे देऊन विकत घेतो, पण अळिंबीवाल्याच्या घरी ती फुकट येते. ओटा चकचकीत होता, मग ती आली कुठून? वरून.

आधी एक गोष्ट सांगतो, म्हणजे निम्म्या वाचकांचे कष्ट वाचतील. धिंगरी (ऑयस्टर) अळिंबीचं तयार बियाणं, म्हणजे दाण्यांवर वाढवलेलं तिचं पांढरं जाळं, आणून ते गव्हाच्या काडात भरणार असाल, तर निर्जंतुक जागेची एवढी गरज नाही. काडात सहज पचेल अशी साखर फारशी नसते. ते ८० अंशांच्या आसपासच्या पाण्यात तासभर ठेवलं, निथळवलं आणि भरपूर बियाणं घालून भरलं, की धिंगरी स्वतःच इतरांना मागे टाकते. (काड भिजवायला फॉर्मॅलिन वापरायचा सल्ला पुष्कळ ठिकाणी मिळतो. घरात तो ऐकू नका, फॉर्माल्डिहाइडने कर्करोग होतो हे सिद्ध झालेलं आहे.) शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात अळिंबी संशोधनाचं केंद्र आहे. बियाण्याची चौकशी समाजमाध्यमांवरच्या अनोळखी विक्रेत्याऐवजी तिथे करावी.

बियाणंच घरी करायचं असेल, तर मात्र गोष्ट वेगळी. शिजवलेली ज्वारी म्हणजे ओला, मऊ, स्टार्चने भरलेला दाणा, आणि कुकरमधून काढल्यावर त्यावर कुणीही राखणदार उरलेला नसतो. धिंगरीचं पांढरं जाळं बाटलीभर पसरायला दोन-तीन आठवडे घेतं. ट्रायकोडर्माला इतका वेळ लागत नाही. म्हणून बाटली उघडी असते त्या काही सेकंदांत आत काय पडतं, यावर सगळा खेळ ठरतो.

हवेत पडण्यासारखं बरंच असतं. साध्या हवेच्या एका घनमीटरात बुरशीची शेकडो ते हजारो बीजं तरंगत असतात. ट्रायकोडर्माचं बीज साधारण ३ मायक्रॉनचं, म्हणजे एक मिलिमीटर लांबीत अशी तीनशेहून अधिक बसतील. एवढ्या लहान कणाला हवा आपल्याला वाटते तशी विरळ वाटत नाही. काकवीत टाकलेला वाळूचा खडा जसा धिम्या, एकसारख्या गतीने खाली जातो, तसं हे बीज हवेतून उतरतं. जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञाने १८५१ मध्ये याचा हिशेब मांडला, आणि तो मला अजूनही जादूसारखा वाटतो, कारण त्यातून नेमकं घड्याळ हाती येतं.

कणाचा व्यास दुप्पट केला की वजन आठपट होतं, कारण वजन घनफळावर अवलंबून असतं. पण इतक्या हळू गतीत हवेचा विरोध व्यासाच्या प्रमाणातच, म्हणजे दुप्पटच वाढतो. आठ भागिले दोन, म्हणून पडण्याची गती चौपट. आता आकडे बघा. १० मायक्रॉनचा कण सेकंदाला ३ मिलिमीटर उतरतो, ५ मायक्रॉनचा पाऊण मिलिमीटर, ३ मायक्रॉनचा जेमतेम पाव मिलिमीटर. १ मायक्रॉनचा कण तर इतका सावकाश उतरतो की ४० सेंटिमीटर यायला त्याला तीन तासांहून जास्त लागतात. त्याच ४० सेंटिमीटरना १० मायक्रॉनच्या कणाला दोन-सव्वादोन मिनिटं पुरतात, ५ वाल्याला नऊ आणि आपल्या ट्रायकोडर्माला पंचवीस.

४० सेंटिमीटर का? कारण प्लॅस्टिकचा मोठा पारदर्शक डबा उपडा घातला की साधारण तेवढी उंची मिळते. त्या डब्यात हवा पंचवीस मिनिटं खरोखर निश्चल राहिली, तर डब्याच्या माथ्याशी असलेलं ट्रायकोडर्माचं बीजही तळाला टेकलेलं असेल. काही मारावं लागलं नाही, काही गाळावं लागलं नाही. गुरुत्वाकर्षणाने फुकटात झाडू मारला.

एक सुटा जिवाणू जेमतेम १ मायक्रॉनचा असतो, त्याचं काय? तो सुटा फारसा फिरत नाही. आपल्या त्वचेच्या सालपटांवर, धुळीवर, थुंकीच्या तुषारांवर बसून फिरतो, आणि ही वाहनं बरीच मोठी असतात, त्यामुळे लवकर खाली येतात.

आता जरा गणित. नको असेल तर हा परिच्छेद सोडून द्या. डब्यातली हवा अगदी निश्चल कधीच नसते. एका भिंतीला ऊन लागलं किंवा आत गरम हात आला, की सेकंदाला काही सेंटिमीटरचे प्रवाह सुरू होतात, म्हणजे बीजाच्या पडण्याच्या गतीच्या शंभरपट. मग ते पडतं कसं? प्रवाह त्याला जितकं खाली नेतो तितकंच वर आणतो, पण तळाला चिकटून हवेचा एक पातळ, जवळजवळ थांबलेला थर असतो. त्यात जे बीज शिरलं ते टेकलं. अशा ढवळल्या जाणाऱ्या हवेत उंची भागिले पडण्याची गती एवढा वेळ गेला, की हवेतली संख्या शून्य होत नाही, सुमारे ३७ टक्क्यांवर येते. आपल्या डब्यात पंचवीस मिनिटांनी ३७, पन्नास मिनिटांनी १४, पंचाहत्तरनंतर ५ टक्के. निश्चल हवेत पंचवीस मिनिटांत सफाई, ढवळलेल्या हवेत सव्वा तासानंतरही विसातलं एक तरंगतंच. शिवाय डबा निदान बंद आहे. पंख्याच्या खोलीत तर एक खाली बसेपर्यंत जमिनीवरून चार उठतात आणि खिडकीतून दहा येतात.

ही युक्ती जुनी आहे. १८७० च्या दशकात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जॉन टिंडल या भौतिकशास्त्रज्ञाने काचेच्या खिडक्यांची एक पेटी केली, तिला आतून ग्लिसरीन फासलं आणि नुसती ठेवून दिली. बाजूच्या खिडकीतून प्रकाशाचा झोत सोडला की आधी धुळीचा उजळ पट्टा दिसे. काही दिवसांनी झोत आत गेला की गायबच व्हायचा, कारण प्रकाश विखुरायला कण उरलेला नसायचा. मग त्याने आतल्या नळ्यांत मांसाचा काढा भरून उकळला. तो महिनोन्‌महिने नासला नाही, आणि बाहेरच्या हवेत ठेवलेला काही दिवसांत गढूळ झाला. हाताशी मोबाइलचा टॉर्च असेल, तर रात्री दिवे घालवून आपल्या खोलीची हीच परीक्षा करून बघा. त्यानंतर पंखा लावून बाटली उघडायचं धाडस होणार नाही.

घरचा डबा म्हणजे टिंडलच्या पेटीचा गरीब भाऊ. तुळशीबागेत किंवा बोहरी आळीत चाळीस-पन्नास लिटरचा पारदर्शक डबा मिळतो. पत्र्याचा रिकामा डबा गॅसवर तापवून त्याच्या काठाने एका बाजूला हात जातील एवढी दोन भोकं पाडायची. वितळलेल्या प्लॅस्टिकचा धूर नाकात जाऊ नये म्हणून हे गच्चीत करावं. आतून साबणाच्या पाण्याचा फवारा मारला की भिंती ओल्या राहतात आणि टेकलेलं पुन्हा उडत नाही. सगळं सामान आत ठेवायचं, पंखा-एसी बंद, दार बंद, आणि अर्धा-पाऊण तास तिथून निघून जायचं. हे शेवटचं कुणालाच जमत नाही.

हात आत घालताना हळू घालायचे, बाहेर काढणं तर शक्य तितकं टाळायचंच, कारण प्रत्येक खेपेला हात पिचकारीच्या दट्ट्यासारखे बाहेरची हवा ओढतात. उघड्या बाटलीवरून हात न्यायचा नाही, बाजूने न्यायचा. झाकण काढून दूर ठेवायचं नाही, बाटलीवरच तिरकं धरायचं. मंडईतल्या ताज्या धिंगरीपासून सुरुवात करणार असाल, तर ती चाकूने कापू नका, देठापासून हाताने उभी फाडा. बाहेरचा भाग कुठेकुठे लागलेला असतो, पण आतला पांढरा गाभा स्वच्छ असतो. त्यातला तांदळाएवढा तुकडा तापवून गार केलेल्या चिमट्याने उचलायचा. आणि डब्यात मेणबत्ती किंवा स्पिरिटचा दिवा कधीही पेटवायचा नाही. एक तर ज्योतीने हवा उसळते, आणि अल्कोहोलची वाफ साठलेली असेल तर भडका उडतो.

यावरून उदबत्तीकडे येऊ. धुराने हवा शुद्ध होते असं मानणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की धुराचे कण मायक्रॉनहूनही लहान असतात. वरच्या हिशेबाने ते तासन्‌तास तरंगत राहणार, म्हणजे हवेत भर पडली, घट झाली नाही. उदबत्तीचा या कामात एकच उपयोग: काम सुरू करण्याआधी तिच्या धुराची रेघ बघायची. रेघ झुकली तर कुठून तरी झोत येतोय, ती फट शोधायची आणि उदबत्ती बाहेर न्यायची. टेबलावर ठेवायचा एअर प्युरिफायरही या कामाला नको. त्याची गाळणी चांगली असेल, पण बाहेर पडणारी हवा खोलीभर घुसळते. प्रयोगशाळेतल्या लॅमिनार फ्लोमध्ये गाळलेली हवा सेकंदाला सुमारे अर्धा मीटर वेगाने, एकसंध पडद्यासारखी येते. सगळी किंमत त्या एकसंधपणाची आहे.

हात आणि हत्यारं पुसायला अल्कोहोल ७० टक्क्यांचं घ्यावं. शुद्ध अल्कोहोल पटकन उडून जातं, आणि प्रथिनं मोडायला थोडं पाणी लागतंच. पण बॅसिलस नावाच्या जिवाणूची बीजाणू अवस्था ७० टक्क्यांतही मजेत राहते. टिंडललाही तिनेच छळलं. एकदा प्रयोगशाळेत जुनं वाळकं गवत आलं आणि तासन्‌तास उकळलेले काढेही नासायला लागले. याच सुमारास, १८७६ मध्ये, फर्डिनांड कोन या जीवशास्त्रज्ञाने हे उष्णतेला न जुमानणारे बीजाणू दाखवून दिले. ज्वारीच्या दाण्यातही ते असतात. बाटलीला आंबूस वास आणि दाण्यांना चिकट ओल आली, तर दोष हवेचा नाही, कुकरचा आहे.

पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर, त्यामुळे इथे पाणी ९८ अंशांनाच उकळतं. घरगुती कुकरमध्येही तापमान ११९ च्या आसपास जातं, प्रयोगशाळेतल्या १२१ पर्यंत नाही. हे बीजाणू मरण्याचा वेग दर १० अंशांना साधारण दहापट बदलतो. म्हणजे दोन अंश कमी तर वेळ दीडपटीहून जास्त, आणि नुसतं उकळत बसलात तर दोनशेपट. म्हणून शिट्ट्या मोजू नका, घड्याळ बघा: पहिल्या शिट्टीनंतर मंद आच, नव्वद मिनिटं, आणि तेवढा वेळ पुरेल एवढं पाणी. गार होताना वाफ आटते आणि कुकर बाहेरची हवा आत ओढतो. म्हणून बाटलीच्या झाकणाला भोक पाडून त्यात कापूस घट्ट कोंबलेला हवा, आणि तो कोरडा हवा. ओल्या कापसातून बुरशी वाट काढते.

हिरवी झालेली बाटली वास घ्यायला उघडू नका. तशीच पुन्हा कुकरला लावा, मग आतला माल खताच्या कुंडीत टाका. आणि धिंगरी फुटली, की टोपीच्या कडा खाली वळलेल्या असतानाच काढून घ्या. कडा वर उलटल्या की तीही बीजांचा पांढरा धुरळा सोडते, आणि तो रोज हुंगणाऱ्याला खोकला धरतो. दमेकऱ्याच्या खोलीत तर पिशव्या टांगूच नयेत.