सुपरहिरो कॉमिक्स घ्यायचे आहेत? हे आधी वाचा

दुकानात नव्याने येणाऱ्या बहुतेकांचा एकच प्रश्न असतो: "सुरुवात पहिल्या अंकापासून करावी लागेल का?" अजिबात नाही. बॅटमॅन मे १९३९ पासून छापला जातोय, स्पायडरमॅन ऑगस्ट १९६२ पासून. सगळं वाचून काढायचं म्हटलं तर नोकरी सोडावी लागेल. एक कथानक, एक जाड पुस्तक, एवढंच घ्या. पाच-सहा सुटे अंक एकत्र बांधून निघणाऱ्या पुस्तकाला ट्रेड पेपरबॅक म्हणतात. नवख्याने तेच घ्यावं. सुटे अंक जमवण्याचा नाद नंतर लागतोच, त्याला आमचा आग्रह लागत नाही.

पात्र कसं निवडायचं? कोण किती ताकदवान, यावर आमच्या काउंटरवर रोज वाद होतात आणि ते ऐकायला मजा येते. पण पुस्तक घेताना ते वाद उपयोगाचे नाहीत. "एवढी शक्ती असूनही याला काय जमत नाही?" हे विचारा. उत्तर मिळालं की ते पात्र तुम्हाला धरून ठेवणार.

पीटर पार्करचंच, म्हणजे स्पायडरमॅनचंच बघा. लेखक स्टॅन ली आणि चित्रकार स्टीव्ह डिटको यांनी त्याची पहिली गोष्ट अवघ्या ११ पानांत संपवली आहे. कोळी चावतो, अंगात ताकद येते आणि पोरगा आधी काय करतो, तर टीव्हीवर जाऊन पैसे कमावायला लागतो. पळणारा चोर समोरून जातो, हा अडवत नाही. आपल्याला काय करायचंय! तोच चोर पुढे त्याच्या बेनकाकांचा जीव घेतो. त्यानंतर पीटर कितीही जणांना वाचवो, हे एक खातं कधी बंद होत नाही. वर घरभाड्याची चणचण, मेकाकूंचं आजारपण, आणि पोटासाठी स्वतःचेच फोटो अशा पेपरला विकणं, जो रोज स्पायडरमॅनची लाज काढतो.

'अमेझिंग स्पायडरमॅन'चे ३१ ते ३३ हे अंक एकत्र असलेलं पुस्तक मिळालं तर सोडू नका. ३३ व्या अंकाची सुरुवातीची पानं आम्ही कुणालाही उभ्या-उभ्या दाखवतो. स्पायडरमॅन लोखंडाच्या अवजड यंत्राखाली अडकलाय. छत गळतंय, पाणी चढतंय. काकूंना वाचवणारं औषध समोरच पडलंय, पण हाताच्या टप्प्याबाहेर. एकदा जोर लावतो, जमत नाही. पुन्हा लावतो. डिटको इथे चौकटी हळूहळू मोठ्या करत नेतो, आणि यंत्र डोक्यावर उचललं जातं तेव्हा एकच चित्र अख्खं पान व्यापतं. समोर खलनायक नाहीच, आहे ते फक्त ओझं. १९६६ सालचा अंक आहे, अजून त्याला तोड नाही असं आमचं मत.

बॅटमॅनसाठी 'इयर वन'. १९८७ साली चार अंकांत आलेली ही कथा फ्रँक मिलरने लिहिली, चित्रं डेव्हिड मॅझुकेलीची. यातला ब्रूस वेन, म्हणजेच बॅटमॅन, पहिल्याच रात्री सपशेल तोंडावर पडतो: मांडीत सुरा, वर पोलिसांची गोळी. घरी येऊन वडिलांच्या पुतळ्यासमोर रक्तबंबाळ बसलाय. हाताशी घंटा आहे, वाजवली तर घरचा नोकर आल्फ्रेड येऊन टाके घालेल. तो वाजवत नाही. काय झाल्यावर वाजवतो ते पुस्तकात बघा. खरं तर या गोष्टीत बाजी मारतो तो पोलीस अधिकारी जिम गॉर्डन. शिकागोहून बदलून आलेला, बायको गरोदर, पोलीस खातं लाचखोर, आणि स्वतःचंही पाऊल घसरतं. पंधरा वर्षांखालच्या मुलांना हे देऊ नका, आम्हीही देत नाही.

"सुपरमॅन कंटाळवाणा, त्याला काहीच होत नाही," म्हणणाऱ्यांच्या हाती आम्ही 'ऑल-स्टार सुपरमॅन' ठेवतो. ग्रँट मॉरिसन आणि फ्रँक क्वाइटली यांचे १२ अंक. त्याचा जन्म, ग्रहाचा नाश, आईबाप, सगळं पहिल्या पानावरच्या चार चौकटींत आटोपलंय. इथे तो मरणाच्या दारात आहे, उरलेल्या दिवसांत काय काय उरकायचं एवढाच प्रश्न. दहाव्या अंकात एक मुलगी इमारतीच्या कठड्यावर उभी आहे. ग्रह हलवू शकणारा हा माणूस तिच्या मागे येऊन थांबतो, चार शब्द बोलतो आणि तिला जवळ घेतो. एकच पान.

शाळेतल्या मुलामुलींसाठी 'मिस मार्व्हल' (२०१४). कमला खान ही जर्सी सिटीत वाढलेली, पाकिस्तानी कुटुंबातली मुलगी. शक्ती आल्यावर तिचं रूप पालटतं ते सोनेरी केसांच्या प्रसिद्ध नायिकेत. मग लक्षात येतं की हे उसनं रूप आपल्याला बोचतंय. रात्री घराबाहेर राहिलं की आईची बोलणी, हा तिचा खरा शत्रू. आमच्याकडे ही सगळी पुस्तकं इंग्रजीतच असतात, त्यातल्या त्यात हिचं इंग्रजी सोपं.

हिंदी चालत असेल तर राज कॉमिक्सचा सुपर कमांडो ध्रुव. सर्कशीत वाढलेला, अंगात अलौकिक शक्ती काहीच नाही, म्हणून दर वेळी विज्ञान आणि डोकं चालवावं लागतं. मुंबईचा डोगा वेगळ्या जातीचा. कुत्र्याचा मुखवटा घालतो, कायदा मानत नाही. मोठ्यांसाठी.

वेताळाचे (म्हणजे फँटमचे) जुने 'इंद्रजाल' अंक मागणारे काकाही येतात. १९६४ ला सुरू झालेली ही मालिका १९९० मध्ये बंद पडली, त्यामुळे मिळतात ते जुनेच. घेताना मधली पानं जागेवर आहेत का बघा. पिनेजवळचं पान आधी निखळतं, आणि शेवट नसलेली गोष्ट घरी नेल्यावर आमच्यावर रागावू नका.

पुस्तक उघडून पाहायला हरकत नाही, पहिली पाच-सहा पानं बसून वाचा. फक्त बोटाला थुंकी लावून पानं उलटू नका. आणि भेट द्यायची असेल तर मुलाचं वय आणि त्याला आवडलेली एखादी गोष्ट तेवढी सांगा.