कॅट-टू आणि हुकलेले महिने

क्षयाचे जंतू औषधाला दाद देईनासे होतात, हे स्ट्रेप्टोमायसिनच्या 1948 च्या चाचणीतच दिसले होते. नागपूरपुरते बोलायचे तर गोष्ट 2007 पासून धरावी. त्या वर्षी गुजरात आणि महाराष्ट्रात एमडीआर रुग्णांवर, म्हणजे ज्यांचे जंतू रिफॅम्पिसिन आणि आयसोनियाझिड या दोन्ही मुख्य औषधांना दाद देत नाहीत अशांवर, सरकारी कार्यक्रमातून उपचार सुरू झाले, आणि कल्चर करून, म्हणजे बेडक्यातले जंतू वाढवून, औषधांची चाचणी करणारी सरकारी प्रयोगशाळा नागपुरात होती.

ते कल्चर अंड्याच्या घट्ट माध्यमावर होई. जंतू वाढायला सहा ते आठ आठवडे, मग औषधांची चाचणी लावून पुन्हा तितकाच ताटकळा. उन्हाळ्यात लांबून आलेला बेडका वाटेतच खराब झाला की सगळे पहिल्यापासून.

पण उशीर काही फक्त काचेच्या नळीत होत नव्हता. खरा उशीर होता ‘कॅट-टू’मध्ये. एकदा टीबीचे औषध घेतलेला रुग्ण परत थुंकी पॉझिटिव्ह आला, की त्याला कॅटेगरी टू: आठ महिने, त्यात पहिले दोन महिने आठवड्यातून तीनदा स्ट्रेप्टोमायसिनचे इंजेक्शन. म्हणजे जुन्याच चार गोळ्या आणि वर एक औषध. फसलेल्या उपचारात एकटे औषध वाढवू नये, हा क्षयाच्या औषधोपचाराचा जुना नियम; तो इथे कार्यक्रमानेच बाजूला ठेवला. बाजू मांडणारे म्हणत, हाती फक्त सूक्ष्मदर्शक आहे, प्रत्येकाचे कल्चर कुठून करणार? शिवाय परत आलेल्या बहुतेकांचे जंतू साध्या औषधांना दाद देतातच. हे खोटे नव्हते. पुढे 2014 ते 2016 च्या राष्ट्रीय पाहणीत आधी उपचार घेतलेल्यांपैकी 11.60 टक्के एमडीआर निघाले, नव्या रुग्णांत 2.84 टक्के. पण त्या अकरा-बारा टक्क्यांचे काय? सुरुवातीच्या निकषांनुसार, कॅट-टू घेऊन चौथ्या महिन्यानंतरही थुंकी पॉझिटिव्ह राहिली, तर तो ‘एमडीआर संशयित’. तोवर तो घरातच खोकत असे. चार महिने औषध लागू पडले नाही, तरी माणूस नुसता संशयितच.

2012 च्या जानेवारीत मुंबईतल्या, कुठल्याच औषधाला न जुमानणाऱ्या रुग्णांची बातमी आली. ‘पूर्ण प्रतिरोधी’ या शब्दावरच वाद झाला, पण तपासणीची यंत्रे मागायला बळ आले. त्यातले सीबीनॅट, म्हणजे जंतूंची जनुके तपासणारे यंत्र, 2010 च्या अखेरीस जागतिक पातळीवर मान्य झाले होते. साधारण दोन तासांत क्षय आहे का आणि रिफॅम्पिसिन चालते का, दोन्ही कळते. 2017 मध्ये कॅट-टू बंद करण्याची जागतिक शिफारस झाली, आणि पुढच्या वर्षापासून निदान झालेल्या प्रत्येक रुग्णाची किमान रिफॅम्पिसिनसाठी तपासणी करायची, असे देशाचे धोरण ठरले. मग गोव्यात बनलेले, बॅटरीवर चालणारे, याच कामाचे ट्रूनॅट यंत्र आले.

त्यातही एक गाठ राहिलीच. दोन्ही यंत्रांच्या नेहमीच्या चाचणीत आयसोनियाझिड दिसत नाही, आणि 2014 ते 2016 च्या त्याच पाहणीत नव्या रुग्णांपैकी सुमारे 11 टक्क्यांच्या जंतूंवर तेच चालत नव्हते. त्यासाठी बेडक्याची दुसरी डबी लाइन प्रोब या दुसऱ्या जनुकीय चाचणीला मोठ्या प्रयोगशाळेत जावी लागते. पहिल्या अहवालावर ‘रिफॅम्पिसिन सेन्सिटिव्ह’, म्हणजे ते औषध चालते, असे वाचून सगळे निवांत होतात, आणि दुसरी डबी राहून जाते.