श्वान-किशोर जोडी प्रशिक्षण

कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या, शाळा अर्धवट सोडलेल्या किंवा संस्थेत वाढणाऱ्या किशोरवयीन मुलांकडून निवारा केंद्रातील बेवारस कुत्र्यांना दत्तक जाण्याजोगे वळण लावून घेण्याची पद्धत. काही आठवडे मुलाची आणि कुत्र्याची जोडी कायम ठेवतात. जाणत्या प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली मुलगा कुत्र्याला शिकवतो आणि शेवटी कुत्रा नव्या घरी जातो. रुग्णालयात किंवा विशेष शाळेत थेरपी डॉग (रुग्णांना धीर देण्यासाठी तयार केलेला कुत्रा) आणतात तो प्रकार वेगळा. तिथला कुत्रा आधीच तयार झालेला असतो आणि मुलाने त्याच्या सहवासात बसायचे असते. इथे कुत्रा अडाणी असतो, लीश (गळपट्ट्याला बांधायची दोरी) ओढतो, अंगावर उड्या मारतो, आणि काम मुलालाच करावे लागते.

कुत्रा खोलीत असला की न बोलणारी मुले बोलू लागतात, हे निरीक्षण न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांनी आपल्या जिंगल्स या कुत्र्यावरून 1962 मध्ये मांडले. पण जोडी प्रशिक्षणाचे मूळ दवाखान्यापेक्षा तुरुंगात अधिक आहे. 1981 मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात महिला तुरुंगातील कैद्यांनी निवाऱ्यातील कुत्र्यांना शिकवण्याचा उपक्रम सुरू झाला. त्यामागे पॉलीन क्विन आणि पशुवैद्यक लिओ बस्टाड होते. 1993 मध्ये ओरेगन राज्यात वुडबर्न येथील मॅकलॅरेन या मुलांच्या सुधारगृहात तिथल्या शाळेच्या जोन डाल्टन यांनी ‘प्रोजेक्ट पूच’ काढला. तिथे केनेल (कुत्री ठेवण्याची जागा) आवारातच असल्याने खाणे घालणे, पिंजरे धुणे, अंघोळ, प्रशिक्षण आणि दत्तक घेणाऱ्यांशी बोलणे ही सगळी कामे मुलांकडे आली. मिशिगनमधील ‘टीचर्स पेट’ या संस्थेने दुसरा नमुना रूढ केला. त्यात निवारा केंद्रातील कुत्री गाडीतून मुलांकडे येतात. 10 आठवडे, आठवड्यातून दोनदा, एक तास कुत्र्याबरोबर आणि एक तास वर्गात, असा तो क्रम. पहिल्या नमुन्याला जागा आणि दीर्घ मुक्काम लागतो, दुसरा कमी खर्चात उभा राहतो. अर्थात दोन भेटींच्या मधले दिवस कुत्रा पिंजऱ्यातच काढतो आणि शिकलेले थोडेफार विसरतो.

कुत्र्याची निवड हा सर्वांत कमी लेखला जाणारा भाग आहे. साधारण आठ महिने ते तीन वर्षे हे वय सोयीचे. तब्येत चांगली, अंगात रग, आणि लोकांनी कुत्रा सोडून देण्याची कारणेही बहुधा वळणाशी निगडित. लसीकरण पूर्ण न झालेली पिल्ले घेत नाहीत. पार्व्हो हा कुत्र्यांचा जीवघेणा संसर्गजन्य आजार शिरला तर सगळे सत्र बंद पडते. नव्या कुत्र्याला 10 ते 14 दिवस वेगळे ठेवून डिस्टेंपर, पार्व्हो, केनेल कफ आणि रेबीजच्या लसी, जंतनाशक व नसबंदी उरकतात. स्वभाव लगेच तपासत नाहीत, कारण निवाऱ्यातील पहिल्या तीन दिवसांत कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक चढलेले असते आणि तेव्हा दिसणारा कुत्रा खरा नसतो. त्यानंतर खाण्याच्या भांड्याजवळ हात नेल्यावर तो ताठरतो का, अनोळखी माणूस वाकला तर मागे सरतो का, मोठा आवाज झाल्यावर किती वेळात सावरतो, हे पाहतात. दचकणारा पण पटकन सावरणारा कुत्रा चालतो. चावल्याचा पूर्वेतिहास असलेला घेत नाहीत. अतिभित्र्या कुत्र्याची दया येऊन मुले नेमका तोच मागतात, पण दहा आठवड्यांत त्याच्यात फरक दिसला नाही की अपयश मुलाच्या माथी येते.

मुलांमध्ये प्राण्यांना छळल्याचा इतिहास, तीव्र अॅलर्जी आणि पालकांची संमती या गोष्टी आधी पाहतात. सक्तीने कुणालाच आणत नाहीत. एका कुत्र्यामागे दोन मुले नेमणे शहाणपणाचे ठरते, कारण कोर्टाची तारीख, बदली किंवा अचानक सुटका यांमुळे एकजण गळतोच. पाच कुत्र्यांमागे एक प्रशिक्षक ही वरची मर्यादा मानावी.

पहिल्या एक-दोन वर्गांत कुत्रा नसतो. मुले एकमेकांनाच ‘शिकवतात’. एकाला खोलीबाहेर पाठवून बाकीचे एक कृती ठरवतात, समजा खिडकीला हात लावणे. तो आत आला की एक शब्दही न बोलता केवळ क्लिकरच्या आवाजाने त्याला तिथपर्यंत न्यायचे. क्लिकर म्हणजे दाबल्यावर ‘टिक्’ वाजणारी छोटी डबी, आणि तो आवाज म्हणजे ‘हे बरोबर’ अशी खूण. अर्ध्या मिनिटात वैतागलेला मुलगा स्वतःच सांगतो की काय हवे तेच कळत नव्हते. कुत्र्याची अडचण समजावण्याचा याहून चांगला मार्ग नाही. क्लिक वेळेवर येण्यासाठी चेंडूचा सराव असतो: प्रशिक्षक चेंडू टाकतो आणि तो जमिनीला टेकताक्षणी क्लिक करायचे. जिथे क्लिकरमधली धातूची पट्टी आत नेऊ देत नाहीत, तिथे जिभेचा ‘टक्’ आवाज किंवा ‘येस’ हा छोटा शब्द चालतो.

साहित्य थोडकेच. सुमारे सहा फुटांची साधी लीश, डोक्यातून निसटणार नाही असा पट्टा, ओढणाऱ्या कुत्र्यासाठी छातीवर कडी असलेला हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा), ट्रीटची म्हणजे बक्षिसाच्या खाऊची कंबरपिशवी आणि एक चटई. गळा आवळणारी चेन, काटेरी पट्टा आणि लांबत जाणारी लीश नको. ट्रीट वाटाण्याएवढी आणि मऊ असावी, म्हणजे चावत बसण्यात वेळ जात नाही. रोजच्या आहाराच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त ट्रीट गेली की पोट बिघडते, म्हणून प्रशिक्षणाच्या दिवशी जेवण तेवढे कमी करतात.

कुत्रा आल्यावर आधी पंधरा-वीस वेळा क्लिक आणि लगेच ट्रीट, एवढेच, म्हणजे आवाज झाला की खाऊ मिळतो हे त्याला कळते. मग नाव ऐकताच बघणे, सिट (बस), डाऊन (आडवा हो), चटईवर बसणे, लीव्ह इट (ते सोड), सैल लीशने चालणे आणि स्टे (जागीच थांब). एक फेरी तीन ते पाच मिनिटांची, मग विश्रांती. दहापैकी आठ वेळा जमले तर पुढची पायरी. पाच किंवा त्याहून कमी वेळा जमले तर एक पायरी खाली. स्टे शिकवताना वेळ, अंतर आणि व्यत्यय या तिघांपैकी एकदम एकच वाढवायचे. पाच सेकंद बसणाऱ्या कुत्र्याला दहा पावलांवरून तीस सेकंद बसवले की तो उठणारच, आणि मुलाला वाटते कुत्रा मुद्दाम ऐकत नाही. तिथेच प्रशिक्षकाने मुलाला नव्हे, पायरीला दोष द्यायचा असतो.

मुलाकडून होणाऱ्या चुका ठरावीक आहेत. ‘सिट, सिट, सिट’ असा धोशा लावला की कुत्रा तिसऱ्या हाकेलाच बसायला शिकतो. उशिरा क्लिक केल्यास बसण्याऐवजी उठणे पक्के होते. जोडीतल्या दोघांनी वेगवेगळे शब्द वापरले की सगळाच गोंधळ, म्हणून शब्दांची यादी पिंजऱ्यावर लावतात. गळामिठी मुलांना हवी असते, बऱ्याच कुत्र्यांना नको असते. ओठ चाटणे, झोप नसताना जांभई, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणे, अंग ताठणे ही ‘पुरे’ म्हणण्याची खूण असते. समोरच्याचा चेहरा आणि अंग वाचण्याची ही सवय मुलासाठीही कामाची. अनेकांच्या घरी आरडाओरडा हीच भाषा असते आणि इथे ओरडल्यावर कुत्रा लांब जातो, याची दखल त्यांना लगेच घ्यावी लागते.

कर्मचाऱ्यांची चूक मात्र महागात पडते. मुलगा वर्गात भांडला म्हणून त्याचा कुत्रा काढून घेणे हा सोपा उपाय वाटतो, पण त्याने जोडीची शाश्वतीच संपते, आणि न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा कुत्र्याला होते. धोक्याचे कारण असेल तरच सत्र थांबवावे.

निरोपाची तयारी मधल्या आठवड्यापासून करतात. मुलगा कुत्र्याची वही लिहितो: कोणते शब्द कळतात, कशाला घाबरतो, कोणती ट्रीट आवडते. शक्य असेल तिथे दत्तक घेणाऱ्यासमोर तो प्रात्यक्षिक दाखवतो. कुत्रा दत्तक गेलाच नाही तर त्याचे काय, हे सत्र सुरू होण्यापूर्वीच लेखी ठरलेले असावे. ज्या निवाऱ्यात जागेअभावी कुत्री मारली जातात, तिथल्या कुत्र्याला या कार्यक्रमात घेताना त्याला जीवदानाची हमी नसेल तर मुलाला त्यात ओढू नये.

परिणामांबद्दल उत्साहाने फार बोलले जाते, पुरावे त्यामानाने बेतास बात आहेत. बहुतेक अभ्यास थोड्या मुलांवरचे, आणि मुळात शहाणी वागणारी मुलेच निवडली जात असल्याने यश कशाचे हे सुटे करता येत नाही. मिशिगनमधील कोठडीतील मुलांवर झालेल्या आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले होते: एक कुत्र्याला शिकवणारा, दुसरा केवळ फिरवणारा. सहानुभूती दोन्ही गटांत वाढली. पण चिंता, उदासी यांसारख्या आतल्या आत साचणाऱ्या तक्रारींचे मोजमापातले आकडेही दोन्ही गटांत वाढलेले दिसले. मुले भावना बोलून दाखवू लागली म्हणून असे झाले असेल, हा अर्थ पटण्यासारखा आहे, पण सिद्ध झालेला नाही. शिकवण्याचा खास फायदा मुलापेक्षा कुत्र्याच्या बाजूने अधिक स्पष्ट आहे: शिकलेला कुत्रा अंगावर उड्या मारत नाही, म्हणून घरात टिकतो.

महाराष्ट्रात असा उपक्रम आखताना दोन गोष्टी अमेरिकेपेक्षा वेगळ्या पडतात. 2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार चौकशी चार महिन्यांत, मुदतवाढ धरली तर सहा महिन्यांत संपवायची असते. त्यामुळे निरीक्षणगृहातील, म्हणजे चौकशी चालू असताना ठेवलेला, मुलगा केव्हाही जाऊ शकतो आणि दहा आठवड्यांचे सत्र विशेष गृहात (चौकशीत दोषी ठरलेल्या मुलांसाठी) किंवा बालगृहातच (काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांसाठी) नीट बसते. दुसरे, 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे भटक्या कुत्र्यांना नसबंदी व लसीकरणानंतर मूळ जागी सोडतात. म्हणून दत्तक देण्याजोगी कुत्री म्हणजे मुख्यतः घरच्यांनी सोडलेली, अपघातातून बरी झालेली किंवा आईविना वाढलेली. रेबीज आपल्याकडे आजही माणसे मारतो. त्यामुळे कुत्र्यांच्या लसींची नोंद असली तरी मुलांना आणि कर्मचाऱ्यांना डॉक्टरांच्या सल्ल्याने आधीच प्रतिबंधक लस द्यावी. दात किंवा नख लागले तर हळद, चुना, तिखट काहीही न लावता जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, त्याच दिवशी दवाखाना गाठावा आणि कुत्र्याला दहा दिवस नजरेखाली ठेवावे.